आबांच्या पाठीवरचा हात

बेलापूर

मंदाताई,

तुम्हाला बोलवायला हे लिहायला घेतलं.

आबांचा कॅन्सर बरा होणार नाही, आता फक्त दुखणं हलकं करायचं. औषधासोबत पाठीवर कोमट तेलाचा हात फिरवा, असं नर्सताईंनी दाखवलं. मी वाटी घेऊन बसले, तर आबा म्हणाले, "सुनेनं अंगाला हात लावायचा न्हाई. लेकीला बोलवा."

मग कळ आली. त्यांनी डोळे मिटले. "मंदे, लाव."

मी लावलं. कण्हणं थांबलं. भ्रम झाला असेल, असं वाटलं. थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, गालात हसत म्हणाले, "मंदे, सूनबाईला च्या टाकायला सांग."

मी चहा टाकला.

तुम्ही आलात, की मी पुन्हा सून होईन. हा माझा स्वार्थच असावा. पत्र न पाठवता ठेवून देते.

शैलजा