आईची अपत्ये दोन

६ जानेवारी, सोमवार
ग्रा.पं.चा शिपाई दुपारी लखोटा देऊन गेला. मी कामावरून येईपर्यंत आईने तो फोडला नव्हता, टीव्हीखाली ठेवला होता. जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस. तक्रारदार बाळारामशेठ. सरपंच शोभा भालेराव यांना तीन अपत्ये आहेत, तिसरे अपत्य नियमातल्या तारखेनंतर जन्मलेले आहे, सबब त्यांना अपात्र ठरवावे. तिसऱ्या अपत्याचे नाव नीलेश, राहणार त्यांच्याच घरी.

तीनदा वाचली. मी शोभा भालेराव यांचा मुलगा आहे, असं सरकारी कागदावर आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तेही तक्रारीत.

“काय लिवलंय?” आईने विचारलं. सांगितलं. “बरं. आधी भाकरी खा,” म्हणाली.

नोटिशीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक मामाला, एक वकिलांना, एक माझ्याकडे.

९ जानेवारी, गुरुवार
अर्धी सुट्टी टाकून भिवंडीला. वकिलांकडे आई, मामा, मी. वकील म्हणाले, कागद नंतर, आधी खरं काय ते सांगा. आई पदराशी चाळा करत बसली. मामाने सांगितलं. खाली बघून, भरभर.

बाबा तेव्हा ग्रा.पं. सदस्य. वैशालीताई, ज्योत्स्नाताई झालेल्या. मुलगा हवा होता आणि पदही हवं होतं. नियम नवा होता, तिसरं मूल झालं की सदस्यत्व जाणार. म्हणून आई मामीचं नाव सांगून भिवंडीच्या दवाखान्यात दाखल झाली. जन्माच्या दाखल्यावर वडील दिलीप जाधव, म्हणजे मामा. आई सुरेखा, म्हणजे मामी. सहाव्या वर्षापर्यंत मी मामाकडेच वाढलो, मग ‘आत्याकडे’ राहायला आलो. बाबा गेले, मी अकरावी सोडली, सरपंचपद महिला राखीव झालं, आई निवडून आली. गावात अजून मी आईला आत्या म्हणतो. उंबऱ्याच्या आत आई.

वकिलांनी दाखला उजेडात धरला. “उत्तम कागद. सख्ख्या मुलांचेसुद्धा इतके स्वच्छ नसतात.” आता मी प्रतिज्ञापत्र करायचं, की मी दिलीप व सुरेखा यांचाच मुलगा.

वकिलांच्या कारकुनाने टाइप करता करता विचारलं, “भावंडं?”

मामा कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “एक बहीण. शीतल.”

१२ जानेवारी, रविवार
शी.ला एस.टी. स्टँडजवळ भेटलो. लॅबमधून थेट आली होती, हाताला स्पिरिटचा वास. आम्ही लहान असल्यापासून आई तिला सूनबाई म्हणते. मामाची मुलगी, दुसरीकडे जाणार कशाला, असं सगळेच म्हणत आले. कागदावर आम्ही कोण, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, मी बोललो नाही.

“काय रे सख्ख्या भावा,” म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबलं. “सही करणार तू?”

“नाही केली तर आईचं पद जाईल.”

“आणि माझं?”

“तुझं कसलं पद?”

“तेच विचारतेय.”

मी म्हटलं, विहारात लग्न करू, नोंदणीच करायची नाही. ती म्हणाली, “आणि पोर झालं की? दाखल्यावर काय टाकायचं? आई शीतल दिलीप जाधव, बाप नीलेश दिलीप जाधव? की आपणही कुणाच्या तरी नावावर खपवायचं?”

तिचा चहा तसाच राहिला. माझा मी संपवला. का संपवला कळत नाही.

१५ जानेवारी, बुधवार
वडपे. पहिली शिफ्ट. गोडाऊनच्या गेटवर गाड्यांची नोंद करणं हे माझं काम. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. खाडाखोड एकही नाही. अकराच्या सुमारास बाळारामशेठची गाडी आली. गोडाऊन त्याच्याच जागेवर उभं आहे, त्याची नोंद करायची नसते. काच खाली केली.

“काय भालेराव? का जाधव म्हनू?”

मी वहीत बघत राहिलो.

“तुज्यावर माजा राग न्हाय रं. उलट मी तुला तुजी आई मिळवून देतोय. फुकट.” ड्रायव्हर हसला.

शेठला चार मुलं. चारही नियमाच्या तारखेआधीची, म्हणून कायद्याने बरोबर. आमदाराला कितीही चालतात, त्याला हा नियमच नाही. नियम कुणाला, तर जिच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी नळ आला तिला. आणि नळ आणला तिनेच.

१९ जानेवारी, रविवार
मामाकडे गेलो, मामा नव्हता. मामी सुकट निवडत बसली होती. बस म्हणाली नाही. मामी माझ्याशी नेहमीच तोडून वागते. मला वाटायचं, सहा वर्षं परक्याचं पोर सांभाळलं, त्याचा राग.

मी विचारलं, मामी, मी सही करावी असं तुम्हाला वाटतं का?

“मला आज विचारतोस? तुझ्या जन्माच्या वेळी माझं नाव वापरलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यात ती, आणि मी इथे घरात कोंडून. शेजारणींना दिसायला नको म्हणून.”

बराच वेळ सुकटीची डोकी मोडत राहिली. मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

“शीतलच्या पाठीवर मला दिवस गेले होते. तुझा मामा तेव्हा अनुकंपावर लागणार होता. छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मागितलं त्यांनी. दोनच पाहिजेत. माझ्या नावावर दोन होती. तू आणि शीतल.”

“मग?”

“मग काय मग. तिसरं कसं चालेल?”

मी सुपातली एक सुकट उचलली, परत टाकली.

“दवाखान्यातून आले तेव्हा दारात तू उभा. पाच वर्षांचा. म्हणालास, आई, खाऊ आणला? तेव्हा मला आई म्हणायचास तू.” मग सूप झटकलं. “ऊठ आता. शीतलला यातलं काही बोलू नकोस.”

परत येताना पडघ्याला उतरायचं विसरलो. पुढच्या थांब्यावरून चालत आलो.

२० जानेवारी, सोमवार
कामावर लक्ष नाही. एका ट्रकची बाहेर गेल्याची वेळ आत आल्याच्या आधीची लिहिली. पान खराब झालं.

ते मूल असतं तर आज सतरा वर्षांचं.

२६ जानेवारी, रविवार
ग्रामसभा. झेंडावंदनानंतर शाळेच्याच पटांगणात. पंचायत समितीचे साहेब आले होते. पहिलीत तीन मुलं, दुसरीत चार. पट असाच राहिला तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडणार. साहेब म्हणाले, “आता कुटुंबं लहान झालीत, मुलंच होत नाहीत, त्याला शासन काय करणार?”

आई उठली. “साहेब, ती शाळा हायवेच्या पल्याड हाय. पोरगे जातील सायकलवर. पोरींना कोन धाडनार? चौथीच्या आत घरी बसतील त्या.”

मागून शेठचा पुतण्या ओरडला, “सरपंचबाईंनी पट वाढवायला एक जास्तीचा दिलाय की!”

हसले. किती जण हसले ते मी बघितलं. बावीस. त्यांतले सात आमच्या वस्तीतले.

आई म्हणाली, “माजी पोरं साहेब मोजतील. तुजं पोरगं सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश शाळंत जातं, त्याचं नाव घाल हितं. मग हस.”

मग पुढे बसलेल्या बायका हसल्या. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या जोडीने नाव लावून घेतलेल्या बायका या. आईने प्रत्येकीच्या घरी स्वतः जाऊन अर्ज भरून घेतले होते. अर्ज लिहिले मी.

शाळेत मुलं कमी म्हणून शाळा जाणार. घरात मी एक जास्त म्हणून आई जाणार. दोन्हीकडचे साहेब एकाच सरकारी गाडीतून येतात.

२ फेब्रुवारी, रविवार
आईशी बोललो. शेवटी. ती परसात भांडी घासत होती, मी विसळायला बसलो.

मी म्हटलं, मामीचं मला कळलं. आईचा हात थांबला नाही.

“मला तवाच कळलं व्हतं,” म्हणाली.

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? माजं पोरगं परत घेते म्हनू? तुज्या बाबांची सीट, दिलीपची नोकरी. कुटं ठेवू तुला?” मग थोड्या वेळाने, “दोन पोरी झाल्या तवा बाळंतपनात मला कुनी पानी इचारलं न्हवतं. तू झालास न् तुजी आजी भिवंडीपर्यंत डिंकाचे लाडू घेऊन आली. मलाबी पोरगा पायजे व्हता. मी काय साळसूद न्हाय.”

“राजीनामा दे. तक्रारच मिटेल.”

“माजा राजीनामा दिल्यानं तू माजा होनार हायस? दाखला तोच ऱ्हानार. खरं बोललास तर खोट्या दाखल्यापायी दिलीपची नोकरी जाईल. न् माज्या जागी शेठ त्याची बाई बसवंल. नळाची चावी त्याच्या हातात.”

“आणि शीतल?”

आईने कढई उलटी करून पुन्हा घासायला घेतली. ती घासून झालेली होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मामाचा फोन. शी.ला बघायला रविवारी कल्याणची माणसं येतायत. मोठा भाऊ म्हणून मी हजर असावं. “तक्रार चालू आहे, लोक बघतायत, कागदासारखं वागलेलं बरं,” म्हणाला. मामा वाईट माणूस नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. मुलगा बरा आहे. एकुलता एक. त्याच्या वडिलांनी विचारलं, “हे मुलीचे बंधू का? काय करता आपण?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मामी आतल्या दारात उभी होती.

म्हटलं, “हो. वडप्याला असतो. गेटवर.”

पोह्यांची बशी द्यायला शी. वाकली तेव्हा हळूच म्हणाली, “छान जमतंय तुला.”

ते गेल्यावर ती कपडे बदलून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की तिने हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही, आणि अठरा तारखेच्या सुनावणीपर्यंत तिला कुणी विचारू नये. मामा म्हणाला, सुनावणीचा आणि तुझा काय संबंध? ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही तरी असं विचारू नका.”

जाताना माझ्याशी बोलली नाही. गॅलरीतून बघत होती. मी वळून पाहिलं दोनदा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रतिज्ञापत्र तयार होऊन आलं. दोन पानं. चुका नाहीत. सही साहेबांसमोर करायची. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं, फोल्डर कपाटात, कपाटाला कुलूप. कुलूप लागलं का ते चार वेळा बघून आलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ठाणे. साडेदहाला पोचलो, नंबर तीनला लागला. मधला वेळ जिन्याजवळच्या बाकावर. आई, मी, वकील. समोरच्या बाकावर शेठ, पाय पसरून.

वकिलांनी आईचा लेखी जबाब पुढे केला. आई चष्मा विसरली होती. माझ्याकडे देऊन म्हणाली, “वाच.”

वाचला. “मी शपथेवर सांगते की, मला वैशाली व ज्योत्स्ना अशी दोनच अपत्ये आहेत. नीलेश हा माझा भाचा असून...” ज्योत्स्नातला अर्धा त सुटला होता. पेन काढून घातला. वकील म्हणाले, “राहू दे हो, कोण बघतंय?” आईने सही केली. तिला सही करायला मीच शिकवलेली.

आत साहेबांनी मान वर न करता विचारलं, “अपत्ये किती?”

“दोन.”

अडखळली नाही. फॉर्मवर तिने किती वेळा लिहिलं असेल. तोंडाने म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्या मागे हातभर अंतरावर होतो.

मग साहेब म्हणाले, “तो मुलगा आलाय ना? त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या.” वकिलांनी हात पुढे केला. मी फोल्डर दिला नाही. म्हटलं, पेन चालत नाही. वकिलांनी स्वतःचं काढलं. तेवढ्यात साहेबांना मीटिंगचा फोन आला आणि तारीख पडली. ११ मार्च.

शेठ जिन्यात मोठ्याने म्हणाला, “पोराचा हात धजंना बघा.” आई वळली नाही.

शी.चा मेसेज आला होता: झालं का? अजून उत्तर दिलेलं नाही.

घरी आल्यावर आईने पाय धुतले, चष्मा शोधला, माझ्या समोर बसली. म्हणाली, “माजा कागद वाचलास. तुजा न्हाय वाचून दाखवलास.”

फोल्डर उघडला. वाचायला लागलो. “मी, नीलेश दिलीप जाधव, वय बावीस वर्षे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या जन्मदात्या आईचे नाव...”

थांबलो.

“वाच की फुडं,” आई म्हणाली.

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. कागद मी तिच्याकडे सरकवला. तिने घेतला नाही, परत माझ्याकडेही ढकलला नाही. आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर आहे.