एक टाइप करतं, दुसरं जेवतं

सोम. २ फेब्रु.
ऋतुजाच्या कॉलेजात नवीन खूळ. दोघींनी मिळून एकच प्रोग्राम लिहायचा, तोही एकाच लॅपटॉपवर. एकीचा हात कीबोर्डवर, दुसरीनं शेजारी बसून बघायचं आणि बोलायचं. थोड्या वेळानं अदलाबदल. तोंडी परीक्षेत मॅडम कुठलीही ओळ कुणालाही विचारणार, म्हणजे ‘ते हिनं लिहिलंय’ म्हणायची सोय नाही. लॅपटॉप आमचा, म्हणून जोडीदारीण आमच्याकडे येते. अश्विनी. डिंभे धरणाच्या पलीकडची, इथं मंचरला होस्टेलवर राहते. विषय: पश्चिम भागातल्या गावांना पुढची एसटी कधी, ते सांगायचं. (एसटीला तरी कुठं ठाऊक असतं.)

बुध. ४
भांडतात छान.
“अगं, मला टाइप तर करू दे! आधीच काय चूक, चूक!”
“मंग चुकतीस कशाला? हात काढ.”
“लॅपटॉप माझाय.”
“नंबर माझा हाय.”
एरवी घरात जेमतेम हूं-हां करणारी माझी मुलगी तासभर मोठ्यानं विचार करत होती. आठ वाजून गेले. तोवर होस्टेलची मेस बंद. माधुरीनं अश्विनीलाही वाढलं. आता हे रोजचंच.

शनि. ७
मी विनोदी सदर लिहितो त्या साप्ताहिकाचे संपादक बाळासाहेब, आणखी दोघं जेवायला. पिठलं-भाकरी. पोरीही पंगतीला. बाळासाहेबांनी अश्विनीकडं बघून विचारलं, “ही पावणी कोण?”
मी म्हणालो, “ऋतुजाची जोडीदारीण. नवी पद्धत आहे राव. एक टाइप करतं, दुसरं जेवतं.”
लई हसले. बाळासाहेबांना ठसकाच लागला. “हे लेखात घ्याच!”
अश्विनीचा हात भाकरीवर थांबला. मग तिनं ताटातलं संपवलं, ताट स्वतः घासून पालथं घातलं, “येते काकू” म्हणाली.
ऋ. माझ्याकडे बघत होती. मी बाळासाहेबांकडे.

सोम. ९
अ. आली नाही. डोकं दुखतंय, असा निरोप.
लेख सकाळीच पाठवला. ते वाक्य आहे त्यात. म्हणजे आधी काढलं होतं. मग परत घातलं.

बुध. ११
आजही नाही. माधुरी पोळ्या लाटता लाटता: “ती आपल्या पोरीपायी थांबायची, म्हणून तिची मेस बुडायची. कळतंय का तुम्हाला?”
कळतंय. शनिवारीही कळत होतं.
अंक उद्या छापायला जाईल. बाळासाहेबांना एक फोन केला तर वाक्य निघेल. फोन हातात घेतला. लेख पुन्हा वाचला. वाक्य चांगलं जमलंय.
फोन ठेवून दिला. इथं लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला...

शनि. १४
अंक आला. सलूनमध्ये तिघांनी ते वाक्य मलाच म्हणून दाखवलं. दुपारी कुणीतरी त्याचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. ऋ.नं फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि आत गेली. आता हूं-हांही नाही.

रवि. १५, महाशिवरात्र
अ. गावी गेलीय. परत आली तरी जोडीला बसेल का, ऋ.ला ठाऊक नाही.
जाहीर माफीचा लेख लिहिला. माधुरीला वाचून दाखवला. भगर ढवळत तिनं सगळा ऐकला.
“यातपण तुम्हीच छान दिसताय.”
फाडला.

मंगळ. १७
ऋ. आपण होऊन बोलली. “बाबा, इथं बसा. मला आता मोठ्यानं बोलल्याशिवाय सुचत नाही. तुम्हाला काही कळायची गरज नाही. नुसतं ‘का’ विचारा. जोक नको.”
दुसऱ्या खुर्चीत बसलो. जड जातं. दुसरा चाचपडताना दिसतो आणि गप्प राहायचं. टोमणे तोंडापर्यंत आले, गिळले. त्यांच्यावरच तर आजवर माझं नाव झालं.
रात्रीची वेळ घातली की प्रोग्राम म्हणे, ‘एसटी नाही’.
“का?”
“शेवटची गेली.”
“मग सकाळची का नाही दाखवत?”
ऋ. थांबली. “...अरे हो.” मग भराभरा टाइप केलं. झालं तसे कीबोर्डवरून हात काढले.
“अश्विनीनं हेच पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, आधी मला टाइप करू दे.”
थोड्या वेळानं: “परीक्षेला शेजारी तुम्ही चालणार नाही, बाबा.”
परीक्षा सोमवारी.

गुरु. १९
अ. गावाहून परतलीय असं कळलं. पाचच्या सुमारास होस्टेलच्या फाटकाशी गेलो. निरोप आत पाठवला. आली. साधं वाक्य पाठ करून गेलो होतो. ऐन वेळी तोंडाशी आला विनोदच. तो गिळून माधुरीनं दिलेला डबा पुढं केला.
डबा! तिच्यापुढं, मी!
“माझं जेवण झालंय, काका.”
उन्हं अजून उतरायची होती.
“चुकलो मी,” एवढंच जमलं.
“बरं,” म्हणाली आणि आत गेली. बरं म्हणजे काय?

शनि. २१
आली. दोघींचं काय ठरलं, मला कुणी सांगितलं नाही. मी आतल्या खोलीत पेपर धरून.
“हात काढ.”
“काढते ना बाई.”
“आणि आदी माझं ऐकायचं.”
“ऐकते.”
आठला माधुरीनं ताटं घेतली. अ.नं पिशवीतून स्वतःचा डबा काढला. मेसमधून आधीच भरून आणलेला. पोळ्या, बटाट्याची भाजी. माधुरी भाकरी घेऊन पुढं झाली, तर तिनं ताटावर आडवा हात धरला. “नको काकू, हाय माझ्याकडं.”
मग डबा सरकवून पंगतीच्या मधोमध ठेवला.
“काका, तुमी पण घ्या ना.”
टोमणा की आग्रह? इतकी वर्षं याच धंद्यात आहे, ओळखता आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ऋ. माझ्याकडे बघत होती, त्या शनिवारसारखी.
एक पोळी घेतली. वातड झाली होती. चावत राहिलो.
“आणखी घ्या,” ती म्हणाली.
घेतली.