दादाच्या भिंतीवरचे कागद

४ मार्च, मंगळवार

आधी सगळ्यांची खुशाली. यांचे गुडघे – बरे. जिना चढताना कुरकुरतात, उतरताना गप्प. यांचं तोंड दोन्ही वेळा. माझी साखर – ताब्यात, निदान डॉक्टरांसमोर तरी. लेक – फोनवर खोकत होती. "काही नाही गं आई" म्हणाली, म्हणजे काहीतरी आहे. राहिला दादा.

दादाची तब्येत ठणठणीत. तीच तर पंचाईत! वहिनी जाऊन तीन महिने झाले. हा बहात्तर वर्षांचा, दात सगळे जागेवर, कमरेत ताठ – आणि चहा करता येत नाही. आज डबा घेऊन गेले तर दाढीबिढी करून, कडक शर्ट घालून, बिस्किटं पाण्यात बुडवून खात बसला होता.

"अरे, चहात तरी बुडव!"

"चहा कुठे असतो ते ठाऊक नाही," म्हणाला. त्याच घरात पंचेचाळीस वर्षं राहतोय!

त्यावर भाच्याचा फोन. "आत्या, मी तीस तारखेला येतो आणि बाबांना घेऊन जातो. घराला कुलूप. तू किती दिवस दोन वेळा डबे पोचवणार?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "परक्या गावात खिडकीशी बसवून काय करणार त्याचं? कुंडीतलं झाड आहे का? इथे त्याचं घर आहे, दोन गल्ल्यांवर मी आहे."

"मग एक करू. तीस तारखेला दिवसभर बाबांनी सगळं स्वतः करून दाखवायचं. तू हात लावायचा नाहीस. जमलं तर राहू देत इथे."

"जमेल!" म्हणून बसले. माझी जीभ ही अशी. नेहमी माझ्यापुढे चार पावलं.

दादाला सांगितलं. हो म्हणेना, नाही म्हणेना. एवढंच म्हणाला – "लिहून दे."

५ मार्च

दादा चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर. तिथे म्हणे तोंडी काही चालत नाही. भिंतीवर कागद लावलेला. पायरी एक, पायरी दोन. एक झाली की खूण करायची, मगच दुसरी. मधली गाळायची नाही आणि आपलं डोकं चालवायचं नाही.

"डोकं चालवणारे दोघे होते आमच्याकडे," म्हणाला. "एकाला भुवया नाहीत. दुसरा आता भेटत नाही."

तर लिहायचं आलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून. सगळ्या बातम्या अर्ध्या. अजून कितीतरी खटल्यांचा निकाल मला माहीत नाही. आणि आता मी लिहिणार!

पहिला कागद – चहा. वाटलं पाच मिनिटांचं काम. पायरी तीनलाच अडले. चहाची पूड किती? हाताला माहीत आहे, मला नाही. हाताला विचारायचं म्हणून उठून चहा केला, पूड भांड्यात पडायच्या आत चमच्यात धरली आणि मोजली. खात्रीसाठी आणखी तीन वेळा. चारही चहा यांना पाजले. "तुझा भाऊ शिकेपर्यंत मी टिकेन ना?" म्हणतात.

६ मार्च

दादाचा चहा बघायला गेले. सात पायऱ्या, सात खुणा, ओळीत, पट्टीने मारल्यासारख्या. भांड्यात थंडगार पाणी, वर पूड तरंगतेय.

'गॅस पेटवा' लिहायचंच राहिलं होतं.

"तुला कळलं नाही का रे?"

"कळलं ना."

"मग?"

"लिहिलेलं नव्हतं."

आता याला मारावं की ओवाळावं! पेन घेऊन मध्ये पायरी घातली. त्याने सगळं कोऱ्या कागदावर परत लिहून काढलं. खाडाखोड केलेला कागद भिंतीवर लावायचा नसतो म्हणे.

९ मार्च, रविवार

सकाळी अकराला फोन. "धाकटे, मी खिडकीपाशी उभा आहे. पुढची पायरी नाही."

फरशी पुसण्याचा कागद काल दिला होता. बादली, फडकं, पिळणं – सगळं लिहिलं. सुरुवात कुठून करायची ते लिहिलं नाही. अहो, ते काय लिहायचं! पण साहेबांनी दारापासून सुरुवात केली, आणि पुसत पुसत पार पलीकडच्या कोपऱ्यात. आता समोर सगळी ओली फरशी, आणि कागदात स्वच्छ लिहिलंय – 'ओल्यावर पाय देऊ नये.'

"किती वेळ उभा आहेस?"

"चाळीस मिनिटं. दमट हवा आहे."

गेले, माझ्या किल्लीने दार उघडलं आणि दारातूनच म्हटलं, "ये, मी सांगते ना!" हलेना. शेवटी कागदावर लिहिलं – 'पायरी ९ : अडकल्यास चालत बाहेर यावे' – आणि त्याचा बाण करून खिडकीकडे फेकला. वाचलं, खूण केली, मग आला. घरी येऊन यांना सांगितलं तर हे इतके हसले की गुडघे विसरले.

१२ मार्च

दूध कसं तापवावं, ते लिहीत बसले होते. माझं दूध उतू गेलं.

१३ मार्च

आज तर कहर!

कागद नंबर अकरा – कुकरमध्ये बटाटे उकडणे. पाणी लिहिलं, झाकण लिहिलं, गॅस पेटवणं तर दोनदा लिहिलं. शेवटी – 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद.' सरळ होतं की नाही? कोणीही सांगावं.

दुपारी गेले तर दादा रस्त्यावर, आणि त्याच्या बाजूला वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. त्यांच्या डोक्याला टॉवेल, पायात दोन वेगळ्या चपला. खालचा शिंपीही कात्री हातात घेऊन बाहेर, आणि त्याचं गिऱ्हाईक एका बाहीचा कोट घालून उभं. दादा दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवतोय. "कोणी आत जायचं नाही! झडप उडाली आहे!"

झडप म्हणजे कुकरची शिट्टी. पहिलीच.

शिक्षिकाबाई मला म्हणाल्या, "अहो, मी केस धुत होते. हे दार ठोठावून म्हणाले, काही घेऊ नका, फक्त जीव घ्या आणि चला."

सगळ्यांची क्षमा मागितली. शिंपी भला माणूस, हसला. गिऱ्हाईक नाही हसलं.

वर आल्यावर मी तोंड उघडलं, पण दादाने आधी जाऊन गॅस बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं. मग तोच बोलला. "आमच्याकडे झडप उडाली की काम बंद. माणसं बाहेर. मग चौकशी बसते, कोण झोपलं होतं म्हणून. चाळीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही उडाली नाही. आणि तू लिहितेस, तीन वेळा उडू दे! म्हणजे तुमच्या घरी रोज अपघात होतो, आणि तुम्ही तो मोजता?"

पन्नास वर्षं मोजतेय मी.

"वहिनी लावायची तेव्हा?"

"तेव्हा मी कामावर असायचो. सुट्टीच्या दिवशी ती कुकर लावायची नाही. मी निवृत्त झाल्यावर तर तिने तो काढलाच नाही." झाकण पुसत म्हणाला, "मला वाटायचं, तिला कंटाळा येत असेल."

वहिनीने कधी सांगितलं नाही बघ. याला नाही, मलाही नाही.

१५ मार्च

दादाने कुकरचा कागद स्वतः लिहिला. माझा परत दिला, अगदी आदराने, घडी घालून. त्याची रीत – वाफ भरू द्यायची, शिट्टी हलायला लागायच्या आत गॅस बारीक, मग घड्याळ लावून समोर उभं राहायचं. एक आवाज नाही. बटाटे असे शिजले की साल बोटाने निघावी.

घरी येऊन मीही करून पाहिलं. हे आतून ओरडले, "आज स्वयंपाकघर एवढं गप्प का? रागावलीस का माझ्यावर?"

१९ मार्च

कपडे धुण्याचा कागद. दादाने कपड्यांचे तीन ढीग केले – पांढरे, रंगीत आणि 'शंका'. शंकेच्या ढिगात एक फिक्कट मोजा आणि वहिनीचा निळा स्वेटर.

"मोजा रंगीतात टाक," म्हटलं.

"आणि हा?" स्वेटर हातात धरून उभा.

"तो मळलेला आहे का?"

"नाही."

"मग नाही धुवायचा."

"किती दिवस?"

मी म्हटलं, याचा कागद नाही रे माझ्याकडे. त्याने मान हलवली आणि स्वेटर दाराच्या मागच्या खुंटीला लावला. मोज्याला खूण केली. मी उगाच खिडकी पुसत बसले, स्वच्छ होती तरी.

२२ मार्च

गुरूची विद्या गुरूला! आज दादा आमच्याकडे आला आणि माझ्या मोरीकडे बघून म्हणाला, "तुझी फडकी चुकीच्या क्रमाने वाळत आहेत." हे टाळ्या वाजवत होते. शब्दशः टाळ्या! मग दादाने यांनाही धरलं – ताट कसं विसळावं. आज हे जेवून उठले, ताट विसळलं आणि म्हणाले, "खूण कुठे करू?" पन्नास वर्षं मी सांगून जे झालं नाही ते पायरी चारने झालं.

जाताना दादाने दोन कागद मागितले. पाच माणसांच्या भाताला पाणी किती? आणि लहान मुलांचे कपडे मोठ्यांबरोबर धुतले तर चालतात का?

"तुला कशाला रे पाच माणसं?"

"कागद पुरा असावा," म्हणाला. बॉयलरवाल्याचं आपलं काहीतरी! दिले लिहून.

२६ मार्च

कागद चौतीस झाले. दादाची भिंत आता दिसतच नाही.

डबा बंद करून आठ दिवस झाले. तरी संध्याकाळी पाय आपोआप तिकडेच वळतात. आज त्याने चहा दिला – माझ्या मापाचा, माझ्या हाताचा, पण त्याच्या हाताने. वहिनी गेल्यापासून मला कोणी बसून राहा म्हणून चहा दिला नव्हता. हे देतात, पण कपाबरोबर शर्टाचं बटणही देतात, लावून दे म्हणून.

खरं सांगते, बाकी कोणाला नाही सांगणार. भाच्याला मी मोठ्या तोंडाने म्हटलं, दादाचं तिकडे कसं होईल. पण माझं इकडे कसं होईल? आई-बापांची आठवण काढायला आता तो एकटाच उरला आहे. मी म्हटलं 'अंगणातला हौद' की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. तीस तारखेला काही बिघडलं तर संध्याकाळी मी जाऊ कुठे?

उद्या कागद सगळे पुन्हा तपासायचे. गॅस पेटवणं प्रत्येकात आहे ना ते बघायचं.

२९ मार्च

भाचा उद्या सकाळी. कागद चौथ्यांदा तपासले. हे म्हणाले, "परीक्षा त्याची आहे, तुझी नाही." यांना काय कळतंय!

३० मार्च, रविवार

जिंकलो!! दिवसभर खुर्चीवर बसून होते, हात मांडीखाली दाबून, म्हणजे ते सुटायला नकोत. दादाने चहा केला. चादरी बदलल्या. फरशी पुसली – आतून दाराकडे! भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. कुकरचा आवाज नाही. भाचा दोनदा स्वयंपाकघरात डोकावला. "आत्या, कुकर बिघडलाय का?" "नाही रे. तुझे बाबा समोर उभे आहेत, त्याची हिंमत होत नाही."

मीठ जरा कमी होतं. कोणाला सांगायचं नाही.

जेवून भाचा हात धुऊन आला, भिंतीसमोर उभं राहून कागद वाचत राहिला, एकेक. बराच वेळ. मग वळून म्हणाला, "आत्या, मी हरलो. बाबा राहू शकतात इथे."

मी आनंदाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. यांनी तिसऱ्यांदा भात घेतला. दादा आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होता. भांडी घासताना तो बोलत नाही, पायरी चुकते म्हणून.

३१ मार्च

दादा गेला. भाच्याबरोबर. स्वतःच्या मर्जीने.

सकाळी गेले तर भिंत मोकळी. कागद सगळे सोडवून, नंबराप्रमाणे लावून, पिशवीत. "राहता येतं म्हणून आता जाता येतं, धाकटे," म्हणाला. "आधी गेलो असतो तर ओझं म्हणून. सूनबाई दमून घरी येणार आणि मला वाढणार. आता ती येईल तेव्हा भात झालेला असेल. पाच माणसांचा."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला मी – आणि तो कसा उचलावा तेही पायरी-पायरीने लिहून दिलं! रडू येत होतं आणि हसूही. हे म्हणाले, एक काहीतरी ठरव.

गाडीत बसताना शेवटचा कागद त्याच्या खिशात कोंबला. घाईत लिहिला, खाडाखोड आहे, असू दे.

पायरी एक : सुखरूप पोचणे.
पायरी दोन : सगळ्यांना चहा करून देणे.
पायरी तीन : धाकटीला पत्र लिहिणे. लवकर. ही पायरी आधी केली तरी चालेल.