मसणवट्याचं छप्पर

डहाणू,
१४ जुलै २०२४

चि. रविंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

घरी सगळे बरे असतील. तुझ्या आईचा खोकला गेला का? इकडे पाऊस नुसता धरून बसलाय आणि वीज पाहुण्यासारखी येते-जाते. रुचिता पुण्याहून येऊन दोन दिवस राहून गेली. माझे गुडघे नेमाने दुखतात, तेवढा त्यांचा नेम चुकत नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो बाई, बरं बाई" म्हणून मोकळा होतोस. म्हणून लिहिते आहे आणि सायवनला जाणाऱ्या नर्सबाईंच्या हाती पत्र देते आहे.

तुमच्या तरुण मंडळाच्या अर्जाचं काय झालं ते सांगायचंय. खेड्यापाड्यातल्या तरुणांच्या उपक्रमांना पैसे देणाऱ्या त्या संस्थेने मला निवड समितीवर 'स्थानिक सदस्य' म्हणून घेतलं, तेव्हा खरं तर मी खूश झाले होते. सायवनच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, याचंच अप्रूप.

बैठक परवा झाली. मुंबईहून एक साहेब आणि एक मॅडम आल्या होत्या. घोलवडच्या मुलांच्या चिकू-कलमांच्या रोपवाटिकेला सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पडद्यावर तुमचा अर्ज आला. 'पाड्याच्या मसणवट्यावर छप्पर.' कुणीतरी खाकरलं.

साहेब म्हणाले, "हे ग्रामपंचायतीचं काम नाही का?"

मी म्हटलं, "पंचायतीत खेटे घालून ही मुलं दमली, म्हणून तर इथे आली."

"ठीक आहे, पण यात युथ कुठे आहे?"

मी म्हटलं, पुढे वाचा. कुणी वाचेना, तेव्हा मीच मोठ्याने वाचलं. जिवलीने किती साधं लिहिलंय रे! 'गेल्या आषाढात माझे वडील काळ्या वारले. पावसात सरण पेटेना. डिझेल ओतलं तरी विझे. मग मंडळाच्या पोरांनी वर ताडपत्री धरली आणि सगळं जळेपर्यंत धरून ठेवली. धूर डोळ्यांत, आच तोंडावर. म्हाताऱ्या माणसांना एवढा वेळ हात वर धरवत नाहीत. म्हणून हे तरुणांचं काम आहे.'

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "व्हेरी मूव्हिंग." मग चष्मा परत लावला. "पण आपल्या थीममध्ये हे बसवायचं कुठे?" त्यांच्या थीम म्हणजे कौशल्य, डिजिटल, पर्यावरण आणि नेतृत्व. मरण कशातच बसेना.

तेव्हा मी जे कुणाजवळ बोलले नव्हते ते तिथे बोलले. मागच्या श्रावणात आमच्या ह्यांना इथल्या स्मशानात नेलं, तेव्हाही असाच धो धो पाऊस होता. आम्हाला मुलगा नाही, रुचितानेच अग्नी दिला, म्हणून मीही गेले होते. मी त्यांना म्हटलं, "तिथे वर पत्रा होता की स्लॅब, हे मला आज सांगता येणार नाही. मी वर बघितलंच नाही. बघायची वेळच आली नाही. या मुलांना फक्त तेवढंच पाहिजे आहे."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आपण एक टी-ब्रेक घेऊ या का?"

एवढं लिहिलं, पण ज्यासाठी कागद घेतला ते लिहायला हात होत नाही. त्यांनी तुम्हाला नकार दिलेला नाही. मंडळ त्यांना आवडलंय. काल त्यांचा इथला अधिकारी सुदर्शन घरी आला होता. रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला, सरळ मुलगा आहे. म्हणाला, "बाई, मंडळाची मुलं तुमचं ऐकतील. छपराऐवजी कम्प्युटर वर्ग लिहायला सांगा, मंजुरी लगेच देतो."

"आणि पावसात कुणी गेलं तर?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "माझ्या हातात एवढंच आहे हो, बाई."

निरोप पोचवला. माझं मत विचारू नकोस. 'घ्या' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि 'नको' म्हणायला माझं काय जातंय? ताडपत्री काही मी धरणार नाही. नुसता संताप संताप होतोय. समितीचा राजीनामा लिहून ठेवलाय. तुझं उत्तर आलं की देऊन टाकते.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
वासंतीबाई


सायवन,
२ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाईंना,
रविंद्रचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. डोकं ठिकाणावर नव्हतं. आईचा खोकला बरा आहे. भात चांगला आलाय.

तुमचं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं आणि म्हटलं, नाही म्हणून कळवू. सगळे तयार होते. एकटी जिवली म्हणाली, कम्प्युटर घ्यायचा. मी तिच्यावर ओरडलो, "अगं, तुझ्याच बापावरून मागितलं ना आपण?"

ती म्हणाली, "माझा बाप जळला. कसा का होईना, जळला. माझी बहीण सुकी बारावी होऊन घोलवडला खोक्यांत चिकू भरते. कम्प्युटर आला तर कुठेतरी खुर्चीवर बसेल. मेलेल्यासाठी जित्याचं कशाला सोडू?"

बाई, आम्ही कम्प्युटर लिहून दिला.

आता समाजमंदिरात वर्ग चालतो, लाइट असते तेव्हा. कम्प्युटरच्या आधी टी-शर्ट आले, पाठीवर संस्थेचं नाव. सुकी मन लावून शिकते, ते दिसतं. मी तिकडे जात नव्हतो. तलासरीच्या कंपनीत सेकंड शिफ्ट मागून घेतली आणि दुपारचा घराबाहेर पडायला लागलो. जिवलीशी बोलणंही बंद होतं.

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळातल्या संदीपची आई वारली, रखमीमावशी. तुम्ही तिला ओळखायचात, शाळेत खिचडी करायची. दिवसभर पाऊस. त्याच दिवशी सुदर्शन सर वर्ग बघायला आलेले. जिवलीने वर्ग बंद केला आणि म्हणाली, "चला." पोरं-पोरी अंगावर त्या टी-शर्टसकट निघाली. मी मसणात आधीच पोचलो होतो. बघतो तर पाठीमागून सरही छत्री घेऊन येतायत.

वारा फार होता. ताडपत्री हातात राहीना. सरांनी छत्री मिटून ठेवली आणि एक कोपरा धरला. त्यांना जमत नव्हतं. जिवली ओरडली, "वर, सर, वर धरा! खाली आली तर पेटेल." त्यांनी धरली. एक ठिणगी उडून जिवलीच्या मनगटावर बसली, पण तिनेही हात खाली घेतला नाही. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं की कशाचं, मी विचारलं नाही. पार शेवटपर्यंत ते उभे राहिले.

नंतर आम्ही ओहोळावर हातपाय धुवायला गेलो. मला वाटलं, आता यांनी डोळ्यांनी बघितलं. आता हे काहीतरी बोलतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "रविंद्र, आजचं हे रिपोर्टमध्ये 'सामूहिक नेतृत्व' खाली दाखवता येईल. मी दाखवतो."

ते चेष्टा करत नव्हते, बाई. त्यांच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मनापासून देत होते. मला त्यांना मारावंसं वाटलं, आणि ते थंडीने कुडकुडतायत हेही दिसत होतं. शेवटी खांद्यावरचा टॉवेल दिला.

परत येताना जिवली पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मनगटाला माती लावली होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी परत छपराचाच अर्ज टाकायचा. मी लिहिते. बसत नाही तोवर टाकत राहायचा."

म्हणून एक सांगायचंय. तुम्ही मला शिकवलंत, मी तुम्हाला काही सांगावं असं नाही, तरी सांगतो. राजीनामा देऊ नका. दिला असेल तर मागे घ्या. त्या खोलीत आमचा अर्ज आल्यावर कुणी वाचणार नाही. तिथे मोठ्याने वाचणारं माणूस लागेल.

राग गेलेला नाही. तुमचाही जाऊ देऊ नका.

तुमचा विद्यार्थी,
रविंद्र