साडूपेक्षा चार क्लिक कडक

२ मार्च, रविवार
साडूकडे जेवायला. टीव्हीशेजारी पूर्वी कुंडी असायची, आता तिथे कप आहे. ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी लोक रेस ट्रॅकवर आपापली गाडी पळवतात त्या दिवशी, त्याच्या गटातली सर्वांत वेगवान फेरी म्हणे. गाडी कोणती, तर ती चिमुकली हॅचबॅक, जिचा आवाज शिलाई मशीनसारखा येतो. माझ्या मसल कारला आठ सिलिंडर आहेत. त्याच्या बरोब्बर दुप्पट. हिने कप उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, भाऊजी, केवढा जड आहे हो. सगळे बाल्कनीत गेल्यावर मी उचलून बघितला. पोकळ आहे.
मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त नोंद.

३ मार्च, सोमवार
कामावर जाताना विचार केला. सरळ रस्त्यावर माझ्या गाडीला तोड नाही. अडचण फक्त वळणांची. वळणावर ती गाभण म्हशीसारखी कलते, ब्रेक मारला की नाक खाली आणि शेपूट वर. म्हणजे दोष सस्पेन्शनचा. ड्रायव्हरचा नव्हे. दुपारपर्यंत निष्कर्ष पक्का झाला. या नादात दातांच्या लॅबमध्ये माझ्या हातून एका कवळीला एक दात जास्त बसला. लॅबच्या मालकीण मॅडमनी मोजून दाखवला.
संकल्प: सस्पेन्शन पूर्ण बदलायचं. २७ एप्रिलच्या ट्रॅक-डेला नाव द्यायचं. साडूला अवाक्षर सांगायचं नाही, त्याने ते थेट आरशात बघावं. मागे पडताना.

५ मार्च
साडूचा फोन. हिने सांगितलं असणार, हिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाला, साडूभाऊ, फार छान, एकत्र जाऊ. पण आधी टायर आणि ब्रेक पॅड बदला, एक दिवस शिकवणारा शेजारी बसवा, सस्पेन्शनचं नंतर बघू.
याला म्हणतात गोड बोलून पाय ओढणं. मी थँक यू म्हणालो. थंडपणे. त्याला थंडपणा कळला नसावा, कारण तो पुढे दहा मिनिटं बोलला.

८ मार्च, शनिवार
गॅरेज एक बाई चालवतात. सगळे अक्का म्हणतात. गाडीखालून सरपटत बाहेर आल्या, चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, रोज गाडी कुठे कुठे जाते? मी म्हटलं, कामावर, आणि दर गुरुवारी बाबांना फिजिओथेरपीला. मग त्या म्हणाल्या, मध्यम स्प्रिंग घ्या, सांध्यांमधले रबरी बुश आहेत तेच राहू द्या, शॉकअब्सॉर्बर कमी-जास्त करता येणारे लावू. त्यांना नॉब असतो, बारा क्लिकचा, जितके क्लिक जास्त तितकं कडक. रोजच्यासाठी पाचवर ठेवा.
मी सहज विचारलं, साडूचे कितीवर आहेत? त्याची गाडी त्यांच्याकडेच येते. म्हणाल्या, आठ. मी म्हटलं, मला बारा. आणि स्प्रिंगही सर्वांत कडक. बुशही कडक.
अक्का म्हणाल्या, बारावर कोणी चालवत नाही. तिथे नॉब संपतो, म्हणून तो आकडा आहे.
कोणी चालवत नाही म्हणजे मी पहिला.

२२ मार्च, शनिवार
झाली. गाडी दोन इंच खाली बसली आहे. दबा धरलेल्या वाघासारखी. संध्याकाळभर बाल्कनीतून बघत होतो. शेजारच्यांनी खालून विचारलं, चारही चाकांतली हवा गेली का हो? अडाणी माणसं. साडूला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. जळतोय.

२४ मार्च, सोमवार
नव्या सस्पेन्शनवर कामावर गेलो. रस्ता अगदी जिवंत वाटतो. रस्त्यात नाणं पडलेलं असेल तर छापा की काटा ते कळतं. वळणावर गाडी तसूभरही कलत नाही.
किरकोळ गोष्टी: कॉलनीत पाच स्पीडब्रेकर आहेत हे आजवर लक्षात आलं नव्हतं. पाचही गाडीच्या पोटाला लागतात. तिरकी घातली तर चारच लागतात. डेंटिस्टकडे द्यायच्या प्लॅस्टरच्या साच्यांचा खोका डिकीत होता. पोचल्यावर उघडला तर साचे जास्त भरले. मॅडमना म्हटलं, प्लॅस्टरच हलकं येतंय हल्ली.

२५ मार्च
एकही स्पीडब्रेकर नसलेला रस्ता शोधला. अकरा किलोमीटर लांब पडतो. ट्रॅकची प्रॅक्टिस होते. कामावर चाळीस मिनिटं उशीर.

२७ मार्च, गुरुवार
बाबांना फिजिओथेरपीला नेलं. रुळांवरून जाताना त्यांची कवळी निसटून डॅशबोर्डवर पडली. ती कवळी मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे इथे स्पष्ट करतो: फिटिंगमध्ये दोष नाही. बाबा तोंडावर रुमाल धरून काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.
क्लिनिकमधून त्यांनी परस्पर साडूला फोन केला. साडू ऑफिस सोडून आला. संध्याकाळी बाबा सांगत होते, त्याच्या गाडीत डुलकी लागली. दर गुरुवारी आता साडूच नेणार असंही ठरलं. माझ्या घरात माझा बाप फितूर.
एक मुद्दा मात्र विचार करण्यासारखा. साडूचे क्लिक आठ असताना बाबांना डुलकी लागते कशी? ही म्हणाली, ते रोजच्याला नॉब सैल करतात, ट्रॅकवर गेले की आवळतात. म्हणजे दुतोंडी. माझी गाडी घरी एक आणि बाहेर एक असं करत नाही.

४ एप्रिल
हिने आजपासून माझ्याबरोबर यायचं बंद केलं. कारण दिलं, चालणं तब्येतीला बरं. मग विचारलं, पाठ दुखते का तुझी? मी म्हटलं, छे. तिने खाली बसून मला मोजे घातले. गेल्या मंगळवारपासून तीच घालते. याचा सस्पेन्शनशी संबंध नाही, लॅबमधलं स्टूल बदललं आहे.

१० एप्रिल, गुरुवार
साडू बाबांना सोडायला आला तो चहाला थांबला. माझ्यासाठी पाठीमागे घ्यायची उशी आणली होती. म्हणाला, साडूभाऊ, पाच-सहा क्लिकवर आणून बघा, कडक म्हणजे वेगवान असं नसतं, चाक रस्त्याला चिकटून राहिलं पाहिजे.
घाबरलाय.
स्वयंपाकघरात ही त्याच्या एका विनोदावर ओट्याला धरून हसली. तोच विनोद मी जानेवारीत सांगितला होता. तेव्हा तिने विचारलं होतं, मग पुढे काय झालं?
उशी वापरणार नाही. माळ्यावर टाकली.

११ एप्रिल
उशी माळ्यावरून काढली. कव्हर बदलून घेतलं. आता ती त्याची वाटत नाही.

१३ एप्रिल, रविवार
बंद पडलेल्या मार्केटच्या आवारात सराव. खुणेसाठी सहा बादल्या ठेवल्या. आत्मविश्वास उत्तम. दोन बादल्या शाबूत.

२० एप्रिल
आठवडाभर लवकर झोपतोय, म्हणजे लवकर आडवा होतोय. ही म्हणाली, पुढच्या वर्षी जा, कोणी काही म्हणणार नाही. हेच तर. कोणी काहीच म्हणत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, सासूबाई पाहुण्यांना ओळख करून देतात: हे मोठे जावई, रेस करतात. आणि हे धाकटे. पुढे काहीच नसतं. पूर्णविराम.
हे लिहायचं नव्हतं. पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला टायरच्या हवेचे आकडे आहेत.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी सात
ट्रॅकवर पोचलो. हवा कोरडी. माझ्या गाडीभोवती चार माणसं जमली, साडूच्या गाडीभोवती एक, तोही रस्ता विचारत होता. ही आणि बाबा साडूच्या गाडीतून आले. सोय म्हणून. पाठ ठणठणीत. दोन गोळ्या घेतल्या, त्या खबरदारी म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळी. आडवा पडून
क्रमाने लिहितो.
पहिलं सेशन. माझी सर्वोत्तम फेरी दोन मिनिटं एकोणीस सेकंद. साडू एक अठ्ठावन्न. टायर थंड होते.
दुसरं सेशन. दोन एकवीस. टायर गरम होते. वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या उंच पट्ट्यांवर चाक गेलं की गाडी बेडकासारखी उडायची आणि ती खाली येईपर्यंत मी स्टीअरिंग फिरवून उपयोग नसायचा. एक स्टेशन वॅगन मागून आली. मागच्या सीटला लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. पुढे गेली. ड्रायव्हरने हात करून आभार मानले.
तिसरं सेशन माझं झालंच नाही. गाडी लावली आणि उतरायला गेलो तर कंबर धरली. अर्धा आत, अर्धा बाहेर. साडूने बगलेत हात घातला, ट्रॅकवरच्या मार्शलने पाय धरले, हिने डोकं सांभाळलं आणि मला गवतावर ठेवलं. बाबा म्हणाले, सावकाश, त्याचे सगळे दात स्वतःचे आहेत.
साडूने विचारलं, गाडी एकदा फिरवून बघू का, काही ढिलं झालं असेल तर कळेल. मी नाही म्हणणार होतो, पण श्वास घेतल्यावर कळ यायची. त्याने आयोजकांना विचारलं, चारही नॉब सैल केले, पाचवर आणले, टायरची हवा थोडी कमी केली आणि गेला. मी गवतावरून फक्त आवाज ऐकत होतो. माझ्या गाडीचा आवाज इतका सलग मी आतून कधी ऐकला नाही.
तीन फेऱ्या. एक मिनिट चोपन्न. त्याच्या स्वतःच्या गाडीपेक्षा चार सेकंद कमी. आमच्या गटात दिवसातली सर्वोत्तम.
बोर्डावर गाडीचा नंबर आणि नोंदणीतलं नाव येतं. म्हणजे माझं. स्पीकरवर माझं नाव पुकारलं. अनोळखी माणसं येऊन आडव्या माणसाशी हात मिळवून गेली. एकाने विचारलं, सस्पेन्शन काय लावलंय? मी सविस्तर सांगितलं.
साडू वाकून हळूच म्हणाला, राहू द्या साडूभाऊ, गाडी तुमची, मेहनत तुमची, टाइमही तुमचाच. आणि हसला. त्या हसण्यात काहीच खोट नव्हती. मी शोधली.
मी काही बोललो नाही. बोलता आलं असतं. कंबर धरली होती, तोंड नाही. ही शेजारी बसून माझ्याकडे बघत होती, मग ती गवताकडे बघायला लागली.
घरी साडूने माझी गाडी आणली. मी त्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा, पुढे ही चालवत होती. वाटेत झोप लागली. बाबांचं खरं आहे.

२ मे, शुक्रवार
डॉक्टरांनी आठ दिवस सपाट झोपायला सांगितलं आहे. टपालाने सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी कडा, मधोमध माझं नाव. हिने ते फ्रिजवर लावलं. पलंगावरून दार उघडं असलं की दिसतं. सकाळपासून मी दार लोटून घ्यायला तीन वेळा सांगितलं.
दुपारी बाबा फ्रिजपाशी आले. चष्मा लावून पूर्ण वाचलं, खालच्या सहीसकट. म्हणाले, यांनी नाव चुकीचं छापलंय. ही गॅसपाशी उभी होती. पाठमोरी. पण तिचा हात थांबला.
मी म्हटलं, हो, चुकलंय.
ही म्हणाली, फोन आणून देऊ? मी म्हटलं, दे. क्लबच्या ऑफिसला लावला. एका मुलीने उचलला. तिला सगळं सांगितलं: ती फेरी कोणाची, गाडी कोणाची. साडूचं नाव नीट लिहून घ्यायला लावलं, वेलांटीसकट. तिने दुरुस्त करून घेतलं आणि विचारलं, मग सर, तुमचा टाइम किती?
दोन एकोणीस, मी म्हणालो.
की-बोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, या टाइमला सर्टिफिकेट नसतं सर. सहभागाचा स्टिकर असतो, मागच्या काचेवर लावायचा. पाठवू का?
पत्ता दिला.