कमळाबाईच्या गाण्याची चाल

आगरदांडा, २० मार्च २०२५

चि. मानसीस, काकाचा जयभीम व अ. उ. आ.

पत्र बघून हसू नकोस. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. फोनवर माझा घोगरा आवाज ऐकून शेजारच्या सुचिताने परवा राँग नंबर म्हणून ठेवून दिला, सख्ख्या पुतणीसारखी पोर. घशातली गाठ वाईट निघाली. ऑपरेशन मेच्या अखेरीस, मुंबईला. त्यानंतर आवाज राहणार नाही. डॉक्टरांनी हे धम्मदीपला बाहेर नेऊन सांगितलं आणि तो डोळे पुसत आत आला, म्हणजे मला न सांगताच कळलं. लेक माझा, पण नाटक जमत नाही त्याला.

बुद्धपौर्णिमेला मी शेवटचं गाणार, एकच गाणं. ते नवं हवं आणि तुझं हवं. आपल्या गायन पार्टीची रीत तुला माहीत आहे. गाणं पुरं करून कोणी आणत नाही. दोन ओळींचं ध्रुवपद आणायचं, मी चाल लावतो, मग तालमीत कोरसवाले भांडत भांडत कडवी भरतात. म्हणजे तुझ्याकडे मागणं दोन ओळींचंच.

माया असू दे.
तुझा भिकूकाका

म्हसळा, २६ मार्च २०२५

आदरणीय काकांना, मानसीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र शाळेत पोचलं. पुढचा तास मी मुलांना वाचत बसायला सांगून नुसती खिडकीशी उभी राहिले. तुमच्या आजाराबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून गाण्याबद्दल लिहिते.

विषय सापडत नाही. चवदार तळं घ्यावं, तर ते आपल्या प्रत्येक पार्टीने गायलंय. करुणा घ्यावी, तर चार ओळींत भाषण होतं. रोज डायरीत काही लिहिते आणि सकाळी वाचलं की वाटतं, हे कुणीही लिहिलं असतं. तुमचं शेवटचं गाणं कुणीही लिहिलेलं कसं असेल? तुम्हाला आजवर कसं सुचत आलं, तेवढं कळवा. आणि औषधं वेळेवर घ्या. धम्मदीपला चकवता, हे मला कळलंय.

आपला लोभ आहे, तो तसाच राहू द्यावा.
आपली मानसी

आगरदांडा, ३० मार्च २०२५

चि. मानसीस, जयभीम व अ. उ. आ.

कसं सुचतं म्हणून विचारतेस. मला ठाऊक असतं तर दर वर्षी तालमीला उशीर कशाला झाला असता? दिघीच्या फेरीवर दोर टाकायची नोकरी केली. लाँच भरेपर्यंत काही काम नसायचं, तेव्हा माणसं बघायचो. एवढंच.

परवा तुझी कमळाकाकी आठवली. प्रौढ वर्गात वाचायला शिकली तेव्हा पन्नाशीला आलेली. मग दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. एसटीत ‘सुटे पैसे द्यावेत’ वाचून कंडक्टरला म्हणाली, की देते, पण तू आधी माझे कालचे दे. तुझ्याकडून परत येताना म्हसळ्याच्या स्टँडवर श्रीवर्धनच्या गाडीची पाटी वाचत उभी राहिली. जोडाक्षर सुटेना. मी म्हटलं, आपली दिघीची गाडी चाललीय, चल. तर म्हणते, जाऊ दे, पाटी पुरी झाल्याशिवाय मी हलनार न्हाय. गाडी गेली. मी अख्खी दुपार तिच्याशी बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

तू काहीही लिही, पण लवकर पाठव. घसा रोज थोडा थोडा बंद होतोय.

माया राहू दे.
भिकूकाका

म्हसळा, १० एप्रिल २०२५

आदरणीय काकांना सविनय जयभीम. वि. वि.

काकीची गोष्ट वाचून खूप हसले. मग हसूच अडचण झालं. पौर्णिमेच्या मंचावर, त्यात तुमच्या शेवटच्या गाण्याला लोक हसले तर? शिवाय एवढ्याशा गोष्टीत पुरेसा अर्थ मावेल का, याचीही शंका आहे. काहीतरी हाती लागलंय असं वाटतं, पण ते अजून कच्चं आहे. कच्चं तुमच्या हाती द्यायला मन होत नाही. थोडी कळ काढा, पुरं करूनच पाठवते.

लोभात उणं पडू देऊ नये.
मानसी

म्हसळा, २७ एप्रिल २०२५

आदरणीय काकांना सविनय जयभीम. वि. वि.

परवा धम्मदीपचा फोन आला. श्वास कोंडला, रात्रीच मुंबईला नेलं, ऑपरेशन करून टाकावं लागलं. हे पत्र त्याच्याच हाती हॉस्पिटलात पाठवते आहे.

सोबत दोन ओळी आहेत. त्या तुमचं काकीवरचं पत्र आलं त्याच आठवड्यात झाल्या होत्या.

कमळा निघाली बाजाराला, वाचीत पाट्या साऱ्या
अडली एका जोडाक्षराशी, थांबल्या गाड्या साऱ्या

तुम्ही दोनच ओळी मागितल्या होत्या आणि त्या माझ्यापाशी होत्या. त्यापुढची पाच कडवी लिहून मी खोडली. तुमच्यासाठी उत्तम हवं म्हणून खोडली, असं स्वतःला सांगत होते. आता तेवढं खरं वाटत नाही. तालमीत पेटीवाला प्रफुल्ल ओळ हातात घेऊन म्हणेल, की बाईंना कोकणी माणसाचं बोलणं येत न्हाय, आणि सगळे मिळून ती मोडतील, याची भीती जास्त होती. पार्टीत ओळ मोडूनच वाढते, हे लहानपणापासून बघूनही मी ती शाळेतल्या निबंधासारखी एकटीने पुरी करत बसले. तुमच्या आवाजाचे होते तेवढे दिवस त्यात गेले.

क्षमा मागायची, तर तुम्ही लगेच कराल, म्हणून मागत नाही.

मानसी

आगरदांडा, १८ मे २०२५

चि. मानसीस, जयभीम व अ. उ. आ.

आता हातच बोलतो, म्हणून पत्र लांबेल.

तू कार्यक्रमाला आली नाहीस. तुझं गाणं झालं. प्रफुल्लने एक जुनीच चाल ओढून बसवली, कोरसने तीन कडवी घातली, धम्मदीपची पोर भक्ती पुढे उभी राहून गायली. कंडक्टरच्या कडव्याला बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि शेवटच्या कडव्याला त्याच पदराने डोळे पुसले. त्यामुळे मंचावर हसण्याची तुझी काळजी सोडून दे.

पण चाल ती नव्हे. तुझ्या ओळी हॉस्पिटलात वाचल्या तेव्हाच माझी चाल लागली होती. ‘अडली’ला सूर खरोखर अडतो, आणि ‘थांबल्या’ला कुठे जातो ते मला ऐकू येतं. बाहेर काढता येत नाही. गुणगुणणंही गेलं. टेबलावर बोटं वाजवून दाखवलं, तर धम्मदीपला ठेका कळला, चाल नाही. पेटीवर शोधायला गेलो, पण पेटी मी जन्मात शिकलो नाही, तिला नेहमी मागे बसवलं. प्रफुल्ल म्हणाला, आता कळली का काका पेटीची किंमत. खरं आहे त्याचं.

दोन ओळी एप्रिलच्या सुरुवातीला आल्या असत्या, तर चाल पार्टीच्या गळ्यात राहिली असती. हे मी लिहिणार नव्हतो. पण तू सगळं खरं लिहिलंस, मग मी खोटं कशाला लिहू?

सुट्टी लागली आहे, तर चार दिवस ये. तू एक एक सूर लावून बघ, चुकला की मी मान हलवीन. तुला गाता येत नाही हे अख्ख्या पार्टीला ठाऊक आहे. तरी ये.

तुझा
भिकूकाका