जंगलाच्या सव्वीस चित्रांचं काय करायचं

मी, खाली सही करणारी, वय अठरा पूर्ण, आठवीनंतर शाळा सोडलेली, टेलर मास्तरांकडे काज-बटण करणारी, हे पूर्ण शुद्धीत लिहितेय. कुणी बळजबरी केलेली नाही. उलट मामा म्हणाले, "अगं, गळ्यात लिंबाएवढी गाठ, त्याला मृत्युपत्र कसलं? घाबरट कुठली!" आहेच मी घाबरट. बोलायला तर जास्तच, म्हणून लिहितेय. सोमवारी ऑपरेशन आहे.

१. सायकल आईला. मामांना ती "जरा वेळ" द्यायची नाही. त्यांचं जरा वेळ मला माहितेय.

२. पेस्टल खडूंची पेटी चिमणीला, म्हणजे धाकट्या बहिणीला. हिरवे झिजलेत. चिमणे, चित्रावर फुंकर मारायची नाही, पानं उडतात. निळा खडू टाकू नकोस. लांबची झाडं निळीच दिसतात, खोटं वाटलं तर जाऊन बघ.

३. जंगलाची चित्रं सव्वीस, सगळी चिमणीला. पंचवीस पलंगाखाली आहेत, मध्ये बटरपेपर घालून. सव्विसावं मामांनी नेलं. त्यांचं फ्रेमचं दुकान आहे. "काच बसवून देतो," म्हणाले. महिन्याने म्हणाले, "खराब झालं गं, फेकलं." मग त्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक काच दिसली, तिच्यावर माझं जंगल, उलटं. माझं वाकडं झाड डावीकडे झुकतं, काचेवर उजवीकडे. पेस्टलला काच टेकवायची नसते, मध्ये फट ठेवतात, नाहीतर रंग काचेला चिकटतो. मामांना हे ठाऊक नाही. पण फेकायच्या चित्राला काच लावतं का कुणी?

४. पुढे घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो, तर समोर भिंतीवर तेच चित्र. जरा फिकं झालेलं. खाली सही मामांची. आईला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "झाडं काय, सगळी सारखीच." तिलाही माहीत असेल का? भाऊच आहे शेवटी. डॉक्टरांना विचारलं नाही. सोमवारी तेच माझा गळा कापणार आहेत.

५. मी गेले तर मामा म्हणणार, पोरीची आठवण मी सांभाळतो. परवाच म्हणाले, "पलंगाखाली कुजवून काय करणार?" मास्तर सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. म्हणून पहिला मान मामांना. खूश आहेत. ते आधी सही करतात, मग वाचतात.

६. मी वाचले तर हा कागद फाडायचा नाही. टाके काढायला जाईन तेव्हा बरोबर नेईन, आणि मामांची ही सही त्या चित्रावरच्या सहीशेजारी धरीन. डॉक्टर वरचं तिसरं कलम वाचतील, आणि त्याखाली सही मामांचीच. मला काही बोलावं लागणार नाही.

हे सगळं मीच लिहिलं, मलाच कळून.

सही: (केली)
साक्षीदार: १. मामा, फ्रेमवाले (सही केली)
२. टेलर मास्तर (वाचून सही केली)
ठिकाण: मास्तरांचं दुकान, कापड बेतायचं टेबल
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार